साडेसातचा भाग

“सिस्टरला कुणालातरी विष द्यायला लावा,” चॅनेलचे साहेब म्हणाले आणि त्यांनी एक कागद लेखिकेपुढे सरकवला. कागदावर समोरच्या चॅनेलचा टीआरपी लाल शाईनं गोल केला होता. त्या चॅनेलच्या मालिकेत परवाच एका सुनेनं सासूला गच्चीवरून ढकललं होतं.

लेखिका खुर्चीत ताठ झाली. “साहेब, ती नर्स आहे. चाळीस वर्षं रोग्यांची सेवा केलीय तिनं. ती विष कसं देईल?”

“इंजेक्शनमधून देईल. हातात सुई आहेच तिच्या.”

“आणि कुणाला?”

“ते तुम्ही ठरवा. लेखिका तुम्ही आहात.”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ही मालिका तिनं दोन वर्षं मनात घोळवली होती. एक निवृत्त नर्स, एकटी राहणारी, गल्लीतल्या घराघरांत जाऊन इंजेक्शनं देणारी. बंद दारांआडचं सगळं पाहणारी आणि कुठे चकार शब्द न काढणारी. पहिले तीन महिने लोकांनी ती मनापासून पाहिली. मग आकडा जरासा घसरला, आणि सिस्टरला हरवलेली जुळी बहीण मिळाली. मग त्या बहिणीची स्मृती गेली. मग स्मृती परत आली ती सूड घेऊनच. दर वेळी लेखिका भांडली, चरफडली आणि शेवटी लिहून मोकळी झाली. सेटवर साठ माणसं राबत होती. “मालिका बंद पडली तर त्यांना तुम्ही पोसणार का?” एवढं विचारून साहेब तिचं तोंड बंद करत.

विषाचा भागही तिनं लिहिला. आकडा टुणकन वर गेला. साहेबांनी सेटवर केक पाठवला. सिस्टरचं काम करणाऱ्या थोरल्या बाईंनी त्याला बोटही लावलं नाही.

“रंगभूमीवर मी खुनी बायकासुद्धा केल्यात,” त्या म्हणाल्या. “पण त्या पहिल्यापासून तशा होत्या. हिला तुम्ही लोकांच्या घरात शिरू दिलंत, विश्वास कमवू दिलात आणि मग हे करायला लावलंत. काल भाजी घेताना एका बाईनं मला बघून लेकराला पाठीमागे ओढलं.”



पण लेखिकेला खरं झोंबलं ते बाबांचं गप्प बसणं. बाबा जन्मभर वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. मालिका सुरू झाल्यापासून रोज आठच्या ठोक्याला त्यांचा फोन यायचा. अमुक शब्द दोनदा आला, तमुक वाक्य पुस्तकी वाटलं, सिस्टर डाव्या हातानं सुई का धरते? कौतुक कधीच नाही, पण फोनही कधी चुकला नाही. विषाच्या भागानंतर तो बंद झाला. तिनं विचारलं तर म्हणाले, “बघतो की. डोळे जरा दुखतात हल्ली.”

त्या उत्तरानं तिची झोप उडाली. दोन दिवसांत तिनं एक भाग लिहून काढला. सिस्टर एका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची नखं कापते. तो गेलेल्या बायकोबद्दल बोलतो, ती ऐकते. मधेच दोघंही हसतात. बस्स. विजा कडाडत नाहीत, एकच चेहरा तीन-तीनदा गर्रकन वळत नाही.

दिग्दर्शकानं वाचून कागद मांडीवर ठेवले. “साहेबांना दाखवलंस?”

“नाही.”

“दोघांनाही हाकलतील.”

“हाकलू देत.”

त्यानं डोकं खाजवलं. “असलं काहीतरी करायचं म्हणूनच मी या धंद्यात आलो होतो,” तो म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं शूटिंग लावलं. थोरल्या बाईंनी सगळा प्रवेश एका दमात केला. संपल्यावर लाइटवालेसुद्धा जागचे हलले नाहीत.

शुक्रवारी दुपारी भाग चॅनेलकडे गेला. रोजचाच म्हणून कुणी उघडून बघणार नाही, असा तिचा होरा होता. तिनं बाबांना बजावलं, “आज बघाच.” साडेसातला बाकी सगळे पुढच्या शूटिंगमध्ये अडकले होते. ती मेकअपच्या खोलीत दार लावून बसली. समोर टीव्ही होता, पण तो लावायचा तिला धीर झाला नाही.

आठ वाजता फोन आला.

“पाहिलात, बाबा?”

“पाहिला.”

“मग?”

“छान होता. तुझं लिहिणं वाटलं.”

“चुका?”

“एकही नाही.”

“आणि ते म्हाताऱ्याचं बोलणं...”

“सगळंच छान होतं गं. जेवलीस का?”

तिनं फोन बंद करून टाकला. यानंतर कुणाचं काही ऐकायची तिला गरज नव्हती.

सकाळी साहेबांनी बोलावलं. ती पर्समध्ये राजीनामा घेऊनच गेली. साहेब चक्क उठून उभे राहिले आणि त्यांनी कालचा आकडा तिच्या हातात दिला. मालिका सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात मोठा आकडा.

वर्षभराचं साचलेलं तिच्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं. “लोकांना हेच हवं, लोकांना हेच हवं म्हणे! वर्षभर तुम्ही लोकांच्या नावानं आमच्याकडून घाण लिहून घेतलीत. लोकांना अक्कल नाही असं धरून चाललात. एका चांगल्या बाईला खुनी केलंत. अरे, दुसरं काही दाखवलंत का कधी त्यांना? काल दाखवलं, आणि बघा! हा आकडा आता भिंतीवर लावा, साहेब. यापुढे मला विष लिहायला सांगू नका.”

साहेब गोंधळून खाली बसले.

“तुमचा तो नखं कापण्याचा भाग मी सहा वाजताच थांबवला होता,” ते म्हणाले. “साडेसातला विषाचाच भाग पुन्हा दाखवला.”