दाराची मेढ

मुहूर्त टळायला पाच मिनिटं उरली होती आणि तातोबाची पहार पुन्हा खडकावर खणकली.

नव्या गोठ्याचा नकाशा त्यानं स्वतः काढला होता. दार पूर्वेला आणि पाठ पश्चिमेला, धाकट्या भावाच्या अंगणाकडं. दोघं नऊ वर्षं बोलत नव्हते; म्हशींनी तरी तिकडं कशाला बघावं? पण पूर्वेला हातभर खाली नुसता कातळ लागला.

“अवो, हितं माती मऊ हाय,” पश्चिमेकडून बायको म्हणाली. तिचा खड्डा खणून तयारच होता. घाईघाईत मेढ उभी राहिली, हळदकुंकू लागलं. पहिली मेढ दाराची असते आणि पुजलेली मेढ उपटायची नसते. त्यामुळं दार भावाच्या तोंडासमोर आलं.

आठवडाभर तातोबा बाकीचे खांब रोवत होता आणि धाकटा अंगणात दात घासत बघत होता. आठव्या दिवशी धाकट्यानं चूळ भरली.

“दादा, मेढ वाकडी हाय.”

“पुजल्याली हाय. उपटायची न्हाय.”

“उपटतंय कोण?” त्यानं येऊन मेढीला खांदा लावला. “तू माती ठोक.”

तातोबानं ठोकली.