झोपेची चौकशी

गेली सहा वर्षं, आठवड्यातून तीनदा, नवऱ्याला डायलिसिसच्या मशीनला लावलं की ती चार तास बाहेरच्या बाकावर बसून राहायची. आज सिस्टरने तिला शेजारच्या खोलीत जवळजवळ पिटाळलंच. "पेशंटच्या घरच्यांशी बोलायला समुपदेशक बाई आल्यात. जरा मन मोकळं करून या."

मन कुठे ठेवलंय, तेच तिला आठवेना. नवऱ्याची जाडजूड फाइल मांडीवर घेऊन ती बाईंसमोर बसली.

"तुमचं वजन किती?" बाईंनी फॉर्म भरायला घेतला.

"बासष्ट किलो चारशे. सकाळीच केलंय."

"भूक लागते?"

"बेताचीच. मीठ बंद आहे ना."

"आणि झोप?"

"झोप अगदी शांत. रात्रभर हूं की चूं नाही. मी तासातासाला उठून बघते की."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काकू, हे सगळं काकांचं झालं. मी तुमचं विचारतेय. तुम्हाला झोप लागते का?"

ती बराच वेळ फाइल चाळत राहिली. त्यात तिचं काहीच नव्हतं. मग ती उठली, दार ढकलून नवऱ्याच्या खाटेशी गेली.

"अहो, त्या विचारतायत. मला झोप लागते का हो?"

त्याने डोळे उघडले नाहीत.



"नाही. तू तासातासाला उठून बघतेस, म्हणून तर मी झोपल्यासारखा पडून असतो."