शेणकिड्याचा कान

दुबईतल्या एका मॉलमध्ये प्राचीन इजिप्तचं देऊळ उभं राहत होतं. ससाण्याच्या आणि मगरीच्या तोंडाचे देव करून झाल्यावर पेणच्या भिकाजीला राहवेना. त्याने एक हत्तीच्या तोंडाचाही केला.

इजिप्तचा सुपरवायझर नबील खवळला. “आमच्यात हत्ती देव नाही. यल्ला, तोड!”

“शेणकिडा देव चालतो, आणि हत्ती नाही?”

“नाही. खलास.”

“तोडतो. पण पायाशी उंदराच्या जागी तुमचा शेणकिडाच बसवलाय. आमच्याकडे वाहनाच्या कानात मागणं सांगतात, मग ते देवापर्यंत पोचतं.”

नबील हसत निघून गेला.

जेवण उरकून भिकाजी हातोडा घेऊन आला, तर नबील मूर्तीच्या पायाशी ओणवा झालेला.

“थांब, हबीबी. बायकोच्या व्हिसाचं सांगायचंय. या किड्याचा कान कुठेय?”