गालावरचा रंग

चंद्रप्पांनी दोन्ही बाहुल्या सतरंजीवर शेजारी शेजारी निजवल्या आणि तांब्याभर पाणी मागितलं.

रत्नम्मा आणि तिची धाकटी बहीण रुद्राणी, दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. लातूर जिल्हा होऊन वर्ष होत आलं होतं, पावसाचा मात्र पत्ता नव्हता. गल्लीत टँकर चौथ्या दिवशी यायचा. घरातली माणसं ओल्या फडक्यानं अंग पुसून दिवस काढत होती आणि हैदराबादचा हा पाहुणा बाहुल्यांना आंघोळ घालायची म्हणत होता.

पण गोष्ट साधी नव्हती. जिल्ह्याच्या वाढदिवसाला जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं. त्यात जर्मन चिनीमातीची एकच बाहुली मांडायची होती, आणि तीही अस्सल. चंद्रप्पांची हयात असल्या वस्तू पारखण्यात गेली होती, म्हणून त्यांना बोलावलं होतं.

रत्नम्मा पाच वर्षांची असताना वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, तिला हैदराबादहून एक बाहुली आणली होती. रुद्राणी चालायला लागली तशी तिलाही तीच हवी झाली. रोजची रडारड ऐकून अप्पा ती बाहुली घेऊन पुन्हा हैदराबादला गेले आणि परतले ते दोन बाहुल्या घेऊन. दोघींनी झडप घालून एकेक उचलली. पहिली कुठली, हे मग कोणालाच कळलं नाही, आणि अप्पांनीही कधी सांगितलं नाही. त्यावरून पन्नास वर्षं भांडण चालू होतं. दोघी एकाच गल्लीत नांदत होत्या, पण संक्रांतीचा तिळगूळ नातवांच्या हाती धाडत होत्या.

चंद्रप्पांनी आधी पट्टी लावली. रुद्राणीची बाहुली अर्ध्या बोटानं लहान भरली. अस्सल बाहुलीवरून साचा घेतात, मग माती भट्टीत आकसते, म्हणून नक्कल जराशी लहानच होते, असं त्यांनी सांगितलं. रुद्राणी म्हणाली, ती स्वतःही अक्कापेक्षा बुटकीच आहे, म्हणून तिला काय कोणी नकली म्हणायचं का? आणि तावातावानं आत जाऊन तिनंच तांब्या भरून आणला.

अंगं कापडाची होती, डोकी तेवढी चिनीमातीची. अस्सल बाहुलीचा रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असतो, तो पाण्यानं जात नाही, असं म्हणत चंद्रप्पांनी पाणी पातेल्यात ओतलं आणि ओल्या फडक्यानं एकेक तोंड पुसलं. रत्नम्माच्या बाहुलीचे गाल होते तसेच राहिले. रुद्राणीच्या बाहुलीचा गुलाबी रंग फडक्यावर आला.

रत्नम्मानं पदर सारखा केला, बराच वेळ सारखा केला.

चंद्रप्पा मात्र अजून भिंगातून पाहत होते. अस्सल बाहुलीच्या कानामागं एक टवका उडालेला होता. नकलेच्या कानामागंही तिथंच तसाच खड्डा होता, पण वरून झिलई चढलेली. म्हणजे साचा याच बाहुलीवरून घेतलेला, ते म्हणाले. दुसरी दुकानातली नव्हे. लोणच्याच्या बरण्या करणाऱ्या एखाद्या कारागिराकडून ती मुद्दाम करवून घेतली असणार. साचा, भट्टी, रंग, फुटली तर पुन्हा. एका बाहुलीपायी महिना-दीड महिना सहज गेला असेल.

रुद्राणीनं नाक ओढलं. त्या साली अप्पा चैत्र-वैशाख घरी नव्हते, आई त्यांच्या नावानं बोटं मोडायची, हे थोरल्या मावशीनं तिला कितीदा तरी सांगितलं होतं. तिनं आपली फिक्या गालांची बाहुली उचलून मांडीवर घेतली.

"अक्का," ती म्हणाली, "तुझी दुकानातून इकत आणली. माझ्यासाठी अप्पा दीड महिना भट्टीपाशी बसले."

चंद्रप्पांनी कागद काढला आणि अस्सल बाहुलीच्या मालकिणीचं पूर्ण नाव विचारलं.

"थांबा जरा," रत्नम्मा म्हणाली. "माझी नक्कल नसंल कशावरून? तुमी नीट चोळलंच न्हाई."

आपण दोनदा पुसून पाहिलंय, असं चंद्रप्पांनी समजावलं. पण रत्नम्मानं पातेलं पुढं ओढलं होतं. बाहुलीचं डोकं तिनं उरल्या पाण्यात बुडवलं, पदराचा शेव बोटाला गुंडाळला आणि दातओठ खाऊन ती गाल घासू लागली.