गाळणी

तिसऱ्यांदा नवा प्रोग्रॅम घातला, तिसऱ्यांदा त्याच्या कानातलं श्रवणयंत्र टुक करून बंद पडलं. त्यानं जुना परत घातला, तेव्हा कुठे ते जिवंत झालं.

समोर बायको बसली होती. घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज फुंकरीएवढा उरला होता, आणि सोमवारच्या दुसऱ्या ऑपरेशननंतर तोही राहणार नव्हता. यंत्र नेमका तोच आवाज खरखर समजून गाळत होतं. गाळणारा प्रोग्रॅम त्याचा स्वतःचाच. ऐन उमेदीत लिहून त्यानं तो जगाला फुकट दिला होता. नाव ठेवलं होतं ‘गाळणी’. कोणीही वापरा, आपल्या कुलूपबंद मालात घालून खुशाल विका. अट एकच: माल विकत घेणाऱ्याला जुनी गाळणी काढून सुधारलेली बसवता आली पाहिजे. बायकोचा आवाज गाळला जाऊ नये म्हणून आठवडाभर डोळे फोडून त्यानं ती सुधारली होती.

त्यानं यंत्राच्या कंपनीत फोन लावला. तिथल्या इंजिनिअरचा आवाज खणखणीत ऐकू आला.

“सर, तुम्ही? अहो, तुमची गाळणी वाचून तर आम्ही शिकलो! यंत्राच्या माहितीपत्रकात आभार मानलेत तुमचे.”

“आभार राहू देत. नवी गाळणी घातली की यंत्र मरतंय.”

“ते मुद्दामच केलंय, सर. कानाचा मामला. उद्या कोणी काहीबाही घातलं तर आमच्यावर शेकायचं. आणि तुमची अट पाळलीये की! गाळणी बदलता येते. बदलल्यावर यंत्र चाललंच पाहिजे, असं कुठे लिहिलंय तुम्ही?”

नव्हतं लिहिलं. फार ताणलं तर कंपन्या हातही लावणार नाहीत, म्हणून त्यानंच ते सोडून दिलं होतं. स्वतःच्या शहाणपणाचा त्याला असा संताप आला की फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

“पुढच्या यंत्रात तुमची सुधारणा नक्की घेऊ, सर. तपासण्या वगैरे धरून वर्ष तरी जाईल.”

त्यानं फोन ठेवला. बायकोनं हवेत बोट फिरवून विचारलं, लिहून दाखवू का?

“नको,” तो म्हणाला. “वाचायला जन्म पडलाय. तू बोल.”

ती बोलू लागली. त्याचा हात हातात घेऊन, मधेच थांबून, मधेच हसून, कितीतरी वेळ. तो मान डोलावत राहिला.

कानात खरखर नव्हती. जराही नव्हती.