पाण्यावरचं इंजिन

“डोंगर चढाया लागलं की इंजिन तापून पिस्टन जाम होऊन राहिला,” नामाजी म्हणाला. “नुसत्या हवेवर भागत न्हाई. इंजिनाभोवती पाणी फिरवून द्या.”

आखाडा बाळापूरच्या रस्त्याला जगनचं गॅरेज होतं. ट्रॅक्टर, फटफट्या रोजच्याच. पण चार जाडजूड चाकांची टू-स्ट्रोक एटीव्ही त्याच्या दारात पहिल्यांदाच आली होती. कुठल्याशा बंद पडलेल्या ॲडव्हेंचर पार्कातली म्हणे. मागच्या जाळीत मेंढराची लोकर अडकलेली.

“डोंगरात काय काम काढलं?” जगननं सहज विचारल्यासारखं केलं.

“हाय थोडं. दहा किलोमीटर न थांबता गेली पायजे. आवाज बी कमी होईल का?”

जगन सावध झाला. महिनाभरात औंढ्याच्या बाजूला मेंढरांचे तीन कळप चोरीला गेले होते. या माणसाचा त्या चोऱ्यांशी संबंध आहे, हे ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

“होईल की. पाण्यानं आवाज दबतो. चार दिवस द्या.”

सिलिंडरवरच्या, हवेनं थंड करणाऱ्या पात्या त्यानं लेथवर छाटून आणल्या. भोवती ॲल्युमिनियमचं कवच वेल्ड केलं. पुढं जुन्या मोटरसायकलचा रेडिएटर बसवला, बॅटरीवर चालणारा छोटा पंप जोडला. नामाजी रोज यायचा, वाकून बघायचा, निघून जायचा. एकदाच बोलला.

“डोंगराच्या वाटंला पोलीस असतेत का हो?”

“काहून?”

“असंच.”

पोलिसांकडे जाण्यात अर्थ नव्हता. करायचं ते इथंच करायला हवं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी त्यानं गाडी अर्धा तास पळवून पाहिली. पाणी झकास फिरत होतं. इतकं नेटकं काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. नामाजी माठातलं पाणी प्यायला वळला, तेवढ्यात जगननं रेडिएटरच्या पाइपाची क्लिप ढिली केली. चढावर पाइप निसटणार, पाणी सांडून इंजिन जाम होणार. फार तर चार किलोमीटर जाईल. हाताला ते पटेना, पण इलाज नव्हता.

नामाजीनं इंजिन सुरू केलं, कान देऊन ऐकलं आणि पहिल्यांदाच हसला.

“लई उपकार झाले, भाऊ.”

गाडी डोंगराच्या वाटेला लागली. धूळ खाली बसेपर्यंत जगन दारात उभा राहिला. मग त्यानं फोन लावला.

“रामजी, डोंगरातल्या आपल्या शेडातली मेंढरं आत्ताच टेम्पोत भर. त्यांचा मालक हुडकत निघालाय.”