हंडा आणि वांगी

"काय शांतता आहे बघा या चित्रात," संग्रहालयातली मुलगी म्हणाली.

शांतता म्हणे! मंदीच्या त्या वर्षी संस्थान चित्रकारांना पगार देई. आमच्या ह्यांनी घरातला एकुलता तांब्याचा हंडा आणि मी आणलेली वांगी पाटावर मांडली आणि बजावलं, "हात लावू नकोस, सावली हलेल." आठवडाभर मी शेजारणीची कळशी मागून पाणी भरलं, तिचे टोमणे ऐकले. वांगी सडली, पण शिजवू दिली नाहीत. मी बोलणंच टाकलं. ती ही शांतता!

"आजी, जवळून बघा ना."

मी वाकले. हंड्याच्या लखलखीत पोटात बोटभर बाई उभी होती. कमरेवर हात, नाक फेंदारलेलं. मीच.

लबाड कुठले! पगार हंडा बघण्याचा, आणि बघत बसले मला.